ठेकेदार गायब झाल्यानंतरचा पहिला महिना

मावळात बांधकामाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि मृगाच्या तोंडाशी संपते. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जोते, कॉलम आणि स्लॅब या सात-आठ महिन्यांत उरकले नाहीत तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. ठेकेदाराला मोठ्या रकमा आगाऊ देण्याची इथली पद्धत याच घाईतून रुजली आहे. दुसरे कारण मालकाचे दूर असणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाल्यानंतर खंडाळा, तुंगार्ली, कुणे, कार्ला, मळवली, कामशेत ते थेट पवना धरणाच्या काठापर्यंत बंगले आणि फार्महाऊस उभी राहत गेली. मालक मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात आणि काम मुकादमाच्या भरवशावर, असा हा व्यवहार आहे. तिसरे कारण कायद्यातच आहे. सरकारी कामे घेणाऱ्या ठेकेदाराला सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्गवारीनुसार नोंदणी करावी लागते. खासगी घर बांधणाऱ्याला असा कोणताही परवाना लागत नाही. लोणावळा नगरपरिषद किंवा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) नकाशा मंजूर करताना वास्तुविशारदाची अथवा परवानाधारक अभियंत्याची सही पाहते. प्रत्यक्ष बांधणारा कोण, कुठला, त्याचे गाव कोणते, हे मालकानेच पारखून घ्यायचे असते. घाई, अंतर आणि अपुरी ओळख एकत्र आली की उचल घेतलेल्या ठेकेदाराचा फोन एके दिवशी बंद लागतो आणि जागेवर अर्धवट सेंटरिंग आणि उघड्या सळया उरतात.

अशा वेळी पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडी एकच असतो: पोलिसांत जायचे की कोर्टात? हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो, असे माझे मत आहे. फसलेल्या मालकाच्या पुढ्यात खरे तर चार वेगवेगळी कामे असतात. माणूस शोधणे, झालेल्या कामाचा पुरावा टिकवणे, घर पावसाआधी वाचवणे आणि पैसे वसूल करणे. यातले प्रत्येक काम वेगळा कायदा करतो आणि एकाचे काम दुसऱ्यावर टाकले की दोन्ही बिघडतात. वसुलीचा भार पोलिस ठाण्यावर टाकून लोक महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात. तेवढ्यात पाऊस पडून जातो, ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत सरत येते आणि ठेकेदाराच्या नावावर जे काही असते ते दुसऱ्याच्या नावावर होते. म्हणून प्रत्येक मार्ग त्याच्या कामापुरता, पण सगळे मार्ग पहिल्या महिन्यातच हाती घेणे, हेच शहाणपणाचे आहे. आणि मावळातल्या सर्वसाधारण व्यवहारासाठी वसुलीचा कणा ग्राहक आयोग हाच असावा. हे का, ते एकेक मार्ग तपासत पाहू.

आधी पोलिसांचा मार्ग, कारण मनात तोच पहिला येतो. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत आणि कलम ३१६(२) खाली फौजदारी विश्वासघाताला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याआधीच्या घटना जुन्या दंड संहितेच्या ४२० आणि ४०६ या ओळखीच्या कलमांखाली जातात. पण फसवणुकीचा गुन्हा ठरायला पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. करार मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. ठेकेदाराने जोते पूर्ण केले, कॉलम उभे केले आणि मग तो निघून गेला, तर सुरुवातीपासून हेतू वाईट होता हे दाखवणे अवघड जाते. उलट खोटा पत्ता, दुसऱ्याचाच जीएसटी क्रमांक, एकाच आठवड्यात तीन-चार मालकांकडून घेतलेली उचल, पैसे घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंद फोन, या गोष्टी हेतूकडे बोट दाखवतात. फिर्यादीत याच गोष्टी तारखांसह याव्यात. शिवाय फसवणूक आणि विश्वासघात हे दोन गुन्हे एकाच व्यवहाराला एकदम चिकटवता येत नाहीत, हे दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. विश्वासघातासाठी वस्तू किंवा रक्कम सोपवलेली असावी लागते. कामाचा मोबदला म्हणून दिलेली उचल सहसा त्यात बसत नाही. मात्र मालकाने स्वतःच्या बिलावर आणलेली सळई आणि सिमेंट ठेकेदाराच्या ताब्यात दिले असेल आणि त्याने ते परस्पर दुसऱ्या साइटवर नेले असेल, तर तो विश्वासघाताचा सरळ नमुना ठरतो.

कोणत्या ठाण्यात जायचे, यावरही मावळात गोंधळ होतो. तालुका एकच असला तरी पोलिसांच्या हद्दी दोन आहेत. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत. तळेगाव दाभाडे मात्र २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात आहे. पण हद्द हे फिर्याद नाकारायचे कारण होऊ शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणे ती नोंदवून योग्य हद्दीत पाठवते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितले; आर्थिक व्यवहारांच्या प्रकरणांत आधी मर्यादित चौकशीची मुभाही त्याच निकालाने दिली. ठाण्याने ऐकले नाही तर अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज, असा पुढचा क्रम आहे. आणि ओळखच मुळात एखाद्या जाहिरातीवरून झाली असेल, पैसे गेले ते खाते परक्याच नावाचे निघाले असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवावे. खात्यातली रक्कम गोठवण्याची संधी त्या काही तासांतच असते.

पोलिसांचे खरे बळ माणूस शोधण्यात आहे. मोबाइलचे लोकेशन, बँक खात्याचा माग, गावाकडच्या पत्त्याची खातरजमा ही कामे खासगी माणसाला जमत नाहीत. वॉरंट निघूनही तो सापडत नसेल तर न्यायालय फरारीचा जाहीरनामा काढू शकते आणि त्यापाठोपाठ त्याची मालमत्ता जप्त करू शकते. यावर नेहमीचा आक्षेप असा की, व्यवहारात पैसे निघतात ते पोलिसांच्या धाकानेच, कोर्टाने नाही. धाकाचा परिणाम होतो हे मी नाकारत नाही. पण तो ज्या पायावर उभा आहे तो भुसभुशीत आहे. दिवाणी वादाला फौजदारी रूप देऊन वसुली करण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा ताशेरे ओढले आहेत आणि केवळ करारभंगावर उभ्या राहिलेल्या फिर्यादी उच्च न्यायालयात रद्द होतात. फिर्याद रद्द झाली की धाकही संपतो आणि दरम्यान दुसरे काहीच केलेले नसेल तर हातात काही उरत नाही. धाकापोटी ठेकेदार तडजोडीला आला तर ती तोंडी ठेवू नये. हप्ते लेखी ठरवावेत, प्रत्येक हप्त्याचा चेक घ्यावा आणि दावा दाखल झालेला असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही.

चेकचा मुद्दा थोडा वेगळा पाहायला हवा, कारण परताव्याचा चेक हातात असलेला मालक इतरांपेक्षा खूपच भक्कम जागी असतो. चेक न वटता परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून ठेकेदाराला १५ दिवस आणि तेही संपल्यावर एका महिन्यात तक्रार, असे परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चे काटेकोर वेळापत्रक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हा खटला चेक जमा करणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालतो, म्हणजे ठेकेदाराच्या गावी जावे लागत नाही. २०१८ पासून खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. हेतू सिद्ध करण्याची कसरत इथे नाही, हा या कलमाचा मोठा फायदा.

आता वसुलीच्या मुख्य मार्गाकडे वळू. घरबांधणी ही सेवा आहे आणि ती घेणारा ग्राहक आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मान्य केले. त्याच वर्षी कायद्यातही घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आला. स्वतःची जागा बिल्डरला देऊन त्या बदल्यात त्याच्याकडून घर बांधून घेणारा जमीनमालकही ग्राहकच, हे २००८ मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात ठरले. तळेगाव किंवा लोणावळ्यात जुने घर पाडून त्या जागी इमारत बांधायला देणाऱ्या कुटुंबांना हा निकाल थेट उपयोगी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने मावळच्या दूरस्थ मालकाची सर्वांत मोठी अडचण सोडवली. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. बंगला कार्ल्यात आणि ठेकेदार परजिल्ह्यातला असला तरी ठाण्यात राहणारी व्यक्ती ठाण्याच्या आयोगात जाऊ शकते. लोणावळ्याचा रहिवासी पुण्याच्या आयोगात. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि कायदा आयोगाला अंतरिम आदेश देण्याचाही अधिकार देतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली ती सामान्य माणसाला वकिलाच्या फीशिवाय दाद मागता यावी यासाठीच. तो वारसा ज्या जिल्ह्याचा, त्या जिल्ह्यातल्या लोकांनी हे दार शेवटी आठवावे, हे योग्य नाही.

गायब ठेकेदाराविरुद्ध आयोगाचा आणखी एक फायदा आहे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस, एवढ्यातच समोरच्याला आपले म्हणणे मांडावे लागते. ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले. दडून बसलेला माणूस त्यामुळे बचावाची संधीच गमावतो. मात्र तक्रार कशी लिहिली आहे यावर बरेच काही ठरते. आयोगाचे कामकाज संक्षिप्त असते. गुंतागुंतीच्या फसवणुकीचे आणि बनावट कागदांचे वाद तिथे चालवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून आयोगापुढे भाषा सेवेतील त्रुटीची असावी. इतके पैसे घेतले, इतके काम केले, इतके सोडून दिले, अमुक तारखेपासून संपर्क नाही. कटकारस्थानाचा तपशील फिर्यादीत असू द्यावा. दोन्ही ठिकाणी घटना आणि आकडे मात्र एकच हवेत, नाहीतर एकीकडचे म्हणणे दुसरीकडे उलटते. करारात लवादाचे कलम आहे म्हणून आयोगाचे दार बंद होत नाही, हेही २०२३ च्या निकालाने पुन्हा अधोरेखित झाले आहे. फौजदारी कारवाई आणि ग्राहक तक्रार एकाच वेळी चालू शकतात. पण एकाच मागणीसाठी आयोग आणि दिवाणी दावा दोन्ही चालवता येत नाहीत, ती निवड करावीच लागते.

लोणावळ्यापुरता एक कळीचा आक्षेप इथे येतो. बंगला शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बांधला असेल तर मालक ग्राहक कसा? कायद्याने व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे आणि हा बचाव ठेकेदाराचा वकील हमखास घेतो. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता वैद्यकीय न्यासाने परिचारिकांना राहण्यासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कसोटी ठरवून दिली. व्यवहाराचा प्रमुख हेतू काय आणि त्याचा नफा कमावण्याशी जवळचा, थेट संबंध आहे का, हे पाहायचे. हेतू व्यावसायिक होता हे दाखवण्याची जबाबदारी आधी समोरच्यावर असते, हे २०२४ च्या निकालात आले. म्हणजे कुटुंबासाठी बांधलेले घर अधूनमधून पाहुण्यांना दिले म्हणून ग्राहकपण जात नाही. कार्ल्यात दोन खोल्या वाढवून स्वतः राबून निवास-न्याहारीवर घर चालवणारी महिलाही स्वयंरोजगाराच्या अपवादात बसते. पण एका कंपनीच्या नावाने सहा व्हिला बांधून ते भाड्यानेच देणाऱ्याने आयोगाच्या भरवशावर दोन वर्षे घालवू नयेत. त्याची जागा दिवाणी न्यायालयात आहे.

दिवाणी मार्ग लांबचा आणि खर्चिक आहे. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते. पण तीन गोष्टी तो देतो. मुदत तीन वर्षांची आहे. दावा वडगावच्या किंवा पुण्याच्या न्यायालयात चालतो. ठेकेदाराच्या गावी जायची गरज नाही, कारण दाव्याचे कारण मावळात घडले आहे. आणि निकालाआधीच मालमत्ता जप्त करण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ मध्ये आहे. ही जप्ती सहज मिळत नाही. ठेकेदार हुकूमनामा टाळण्यासाठी मालमत्ता विकतो आहे किंवा हलवतो आहे, हे ठोस माहितीनिशी दाखवावे लागते. त्यासाठी त्याच्या गावचा सातबारा, त्याचा मिक्सर, टेम्पो किंवा जेसीबी, त्याचे चालू खाते यांची माहिती आधी जमवावी लागते. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्याविरुद्ध हा मार्ग फारसा कामाचा नाही, ज्याच्या नावावर आहे त्याच्याविरुद्ध याहून चांगला मार्ग नाही. समन्स घेतले नाही तर घराच्या दारावर डकवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन दावा एकतर्फी पुढे जातो. हॉटेल किंवा रिसॉर्टच्या कामाचा वाद तीन लाखांपुढचा असेल तर तो व्यावसायिक वाद ठरून आधी मध्यस्थी बंधनकारक होते. मात्र तातडीची जप्ती खरोखरच मागितली असेल तर ही अट आड येत नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो: आयोग काय नि न्यायालय काय, एकतर्फी निकाल हा शेवटी कागदच ना? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातल्या थकलेल्या दरखास्तींची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांची, माहिती मागवली तेव्हा त्या आठ लाखांहून अधिक निघाल्या आणि त्यांतल्या तीन लाखांहून अधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतल्या होत्या. ग्राहक आयोगांचीही स्थिती वेगळी नाही. पुण्यातल्या पाम ग्रोव्ह्ज सहकारी गृहनिर्माण संस्थेला जिंकलेला आदेश अमलात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या निकालाने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या कायद्यातली त्रुटी दूर केली आणि २००३ ते २०२० या काळातले अंतिम आदेशही हुकूमनाम्यासारखे अमलात आणता येतील, असे सांगितले. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘काहीच करू नये’ असा नाही. वसुलीची तयारी निकालाच्या दिवशी नाही, पहिल्याच महिन्यात सुरू करावी, हा तो निष्कर्ष आहे. आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणी कलम ७१ खाली जप्तीने होतेच. शिवाय कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साध्या दिवाणी हुकूमनाम्याला ही धार नसते. म्हणूनच ग्राहक असलेल्या मालकासाठी मी आयोगाला कणा म्हणतो.

रेरा कायद्याची इथे कितपत मदत होते, याबद्दल गैरसमज बराच आहे. स्वतःच्या प्लॉटवर स्वतः नेमलेल्या ठेकेदाराविरुद्ध महारेराकडे जाता येत नाही, कारण तो प्रवर्तक नाही. पण मावळात दुसराही एक व्यवहार चालतो. जागा विकणाराच ‘बंगलाही आम्हीच बांधून देतो’ म्हणतो आणि जागेचा एक, बांधकामाचा एक असे दोन करार करतो. मूळ प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठांहून अधिक प्लॉट वा घरांचा असेल तर हा माणूस नुसता ठेकेदार राहत नाही. मग व्याजासह परताव्याचा हक्क कलम १८ खाली मिळतो आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांमार्फत होते. तेव्हा कागदावर दोन करार आहेत एवढ्यावरून हा मार्ग सोडू नये.

कोणताही मार्ग धरला तरी आकडा सिद्ध करावाच लागतो आणि तिथेच बहुतेक तक्रारी ढासळतात. समजा, करार ३० लाखांचा, दिलेले पैसे १८ लाख आणि सरकारमान्य मूल्यांकनकाराच्या मते जागेवरचे काम ११ लाखांचे. संतापाच्या भरात पूर्ण १८ लाख मागितले जातात, आणि ठेकेदाराचा वकील उभ्या कॉलमांचे फोटो दाखवून तक्रारच अतिशयोक्त ठरवतो. बरोबर हिशेब असा की, उरलेले काम दुसऱ्याकडून करून घ्यायला २४ लाख लागणार असतील तर मालकाचा एकूण खर्च ४२ लाख होतो. घर ३० लाखांत मिळायचे होते, म्हणून नुकसान १२ लाख. त्यात सात लाख केलेल्या कामापेक्षा जास्त दिलेले आणि पाच लाख वाढलेल्या दराचे. करार कायद्याच्या कलम ७३ ची भरपाई ही अशी मोजली जाते. तिच्यासाठी तारीख-वेळ दिसणारे फोटो, प्रत्येक कॉलम आणि स्लॅबचे माप, पडून असलेल्या सळईचा व्यास आणि लांबी, शेजाऱ्यांसमोर केलेली नोंद आणि मूल्यांकनकाराचा अहवाल हवा, आणि तो नवा मिस्त्री जागेवर पाय ठेवण्याआधी. दावा न्यायालयात असेल तर कोर्ट कमिशनर नेमून मागता येतो. लेखी करार नसला तरी बिघडत नाही, तोंडी करारही वैध असतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, दरपत्रक यांवरून तो सिद्ध होतो. फक्त इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन विकू नये. करार कमी मुद्रांकावर असेल तर कमी पडलेले शुल्क दंडासह भरून तो पुराव्यात घेता येतो. रोखीचे मात्र सांभाळून बोलावे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्यावर आयकर कायद्याने दंड बसतो, आणि अशा रोखीचा दावा आला तर न्यायालयाने आयकर खात्याला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. दिलेल्या रोखीचा उगम दाखवता येत असेल तर भिण्याचे कारण नाही.

मग पावसाचे काय? खटला चालेपर्यंत घर तसेच ठेवावे लागेल, या भीतीने अनेक जण खटलाच टाळतात. ही भीती निराधार आहे. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २० मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने मालकाला उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेऊन तो खर्च मूळ ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क दिला. अट एकच, आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस. ती त्याच्या गावच्या, करारातल्या आणि जीएसटी नोंदणीतल्या अशा सगळ्या पत्त्यांवर नोंदणीच्या (रजिस्ट्रेशन) सोयीसह स्पीड पोस्टाने आणि सोबत व्हॉट्सॲप-ईमेलनेही पाठवावी. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने गेलेली नोटीस पोचली असे कायदा गृहीत धरतो. एप्रिलच्या अखेरीस पाठवलेली नोटीस जूनच्या तोंडावर मालकाचे हात मोकळे करते. मेच्या अखेरीस पाठवलेली नोटीस पावसात बुडते. सळयांना सिमेंटचा लेप देणे, उघडा स्लॅब ताडपत्रीने झाकणे, पाण्याला वाट काढून देणे ही बचावाची कामे तर नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबवूच नयेत, कारण नुकसान आटोक्यात ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य मानले जाते.

ठेकेदाराचीही एक बाजू असते आणि ती दुर्लक्षून हा आढावा पुरा होत नाही. मालकाने मध्येच खोली वाढवली, फरशी बदलली, चालू बिल तटवले, सळईचा भाव चढला तरी दर तोच धरला, अशा कारणांनीही छोटे ठेकेदार काम सोडतात. मागे स्थानिक मजुरांची मजुरी आणि खडी, क्रश सँड पुरवणाऱ्यांची उधारी राहते. पुरवठादाराचा करार सहसा ठेकेदाराशी असतो, म्हणून मालक त्याला बांधील नसतो. पण माल मालकाच्या नावाने उतरला असेल तर गोष्ट वेगळी. मजुरांचे हातावरचे पोट आहे. त्यांच्या थकलेल्या दिवसांची नोंद मालकाने लिहून घ्यावी. ती माणुसकी तर आहेच, पण ठेकेदार कोणत्या दिवशी गेला हे सांगणारे उत्तम साक्षीदारही तेच असतात. आणि स्वतःकडचे येणे-देणे प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मालकाचे म्हणणे न्यायाधीश अधिक विश्वासाने ऐकतात.

हे सगळे मार्ग तपासल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. कायद्यात उपायांची कमतरता नाही. कमतरता आहे ती गायब माणसाच्या मागे उभ्या असलेल्या, हाती लागणाऱ्या मालमत्तेची. ती करार करतानाच भरून काढता येते. पॅन, आधार आणि गावचा पत्ता घ्यावा. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. पैसे टप्प्याच्या मोजमापानंतर द्यावेत, प्रत्येक बिलातून काही टक्के राखून ठेवावेत आणि सिमेंट-सळईचे पैसे शक्यतो थेट दुकानदाराला द्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालमत्ता असलेला स्थानिक जामीनदार घ्यावा. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, म्हणून ठेकेदार सापडला नाही तरी जामीनदारावर थेट दावा करता येतो. कर्ज देताना बँक जी काळजी घेते ती आयुष्याची पुंजी देताना कुटुंबाने का घेऊ नये? लोणावळा व तळेगावच्या नगरपरिषदांनी आणि पीएमआरडीएने बांधकाम परवानगीसोबत मराठीतला एक आदर्श करारनामा द्यावा आणि कामाच्या प्रारंभी ठेकेदाराचे नाव, पत्ता व जामीनदार यांची नोंद घ्यावी, ही मागणी ग्रामसभांनी आणि ग्राहक संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तोवर ज्यांच्यावर प्रसंग ओढवला आहे त्यांच्यासाठी क्रम ठरलेला आहे: पहिल्या आठवड्यात मोजमाप, मूल्यांकन आणि फिर्याद, दुसऱ्या आठवड्यात ३० दिवसांची नोटीस आणि ठेकेदाराच्या मालमत्तेचा शोध, महिनाअखेरीस आयोगाच्या तक्रारीचा किंवा दाव्याचा मसुदा तयार. वकील परवडत नसेल तर वडगावची तालुका विधी सेवा समिती पात्र व्यक्तींना तो विनामूल्य देते. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.